आमची वाटचाल : डिपने अंडी मरत नाहीत

आमच्याकडे फ्रॅग, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लावायचा जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) तुकडा, उशिरा मिळतो आणि मिळतो तेव्हा त्याच्या बुडाला जुना प्लग, म्हणजे तो चिकटवायची चकती, नसतो. पहिल्या गोष्टीवरून लोकांनी आम्हाला भरपूर बोल लावले. दुसरीचं कौतुक क्वचितच कानावर आलं. असो.

सुरुवात कोरल विकण्यापासून नाही, साफसफाईपासून झाली. लोकांच्या टँकमधलं एप्टेशिया (तणासारखं माजणारं, कोरलला डसणारं समुद्रफूल) मारायचं, हेअर अल्गी (केसाळ शेवाळ) उपटायची, बबल अल्गी (बुडबुड्यांसारखं शेवाळ) न फोडता अख्खी सोडवायची. भांडवल म्हणजे एक टर्की बॅस्टर (रबरी फुग्याची, पाण्याचा फवारा मारायची नळी), लांब चिमटा, बोथट सुईची सिरिंज, भिंग आणि बोन कटर. तो कटर अजून चालतो. स्टेनलेस असला तरी खाऱ्या पाण्याने सांधा धरतोच, म्हणून काम झालं की आरओच्या पाण्यात बुचकळायचा, पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. नव्या मुलांना मी आधी हे शिकवतो. कोरलला हात नंतर.

एप्टेशिया ब्लेडने खरवडू नका, हे आलंच आहे तर सांगून टाकतो. पायाचा कण दगडावर राहिला तरी त्यातून नवं उगवतं. पंप बंद करून कॅल्कचा (चुन्याचा) घट्ट लगदा सिरिंजने त्याच्या तोंडावर अलगद सोडायचा, एका दिवसात थोडीच घ्यायची, नाहीतर पीएच चढतो. एप्टेशिया खायला पेपरमिंट श्रिम्प (एक कोळंबी) आणणार असाल तर पाठ बघून घ्या. कुबड आणि ठळक पांढरे पट्टे दिसले तर तो कॅमल श्रिम्प, परत करा, तो झोअँथिडवर (गालिच्यासारख्या पसरणाऱ्या मऊ कोरलवर) ताव मारतो. आणि झोअँथिड कापताना हातमोजे, चष्मा दोन्ही हवेत. ते लागलेला दगड उकळायचा तर विचारही नको. त्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ माणसाला हॉस्पिटलात पोचवते.

मग आम्ही स्वतः एक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं कडक कोरल, वाढवायला लागलो. काही वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते पुढचं. आमच्याच धंद्यात एक जण उतरला, नाव घेत नाही. कोरल आलं की औषधी पाण्यात पाच-दहा मिनिटं डिप, वर ‘शंभर टक्के स्वच्छ’ची चिठ्ठी, त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात. आम्ही सहा ते आठ आठवडे क्वारंटाइनमध्ये ठेवतो म्हटलं की लोक म्हणायचे, ‘तो तर लगेच देतो.’ आमचा भागीदारही तेच म्हणायला लागला आणि एक दिवस अंग काढून घेऊन मोकळा झाला.

एक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म (चपटी अळी) ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं कळेल. त्याला शास्त्रीय नाव 2011 मध्ये मिळालं, टँकवाले त्याआधीपासून त्याच्या नावाने बोटं मोडत होते. डिपमध्ये अळी सुटून पडते, अंडी पडत नाहीत. ती फांदीच्या बुडाशी, मेलेल्या उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांच्या झुबक्यांत चिकटलेली असतात आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे साधारण दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. म्हणजे चिठ्ठी खरी आणि माल सडका, दोन्ही एकाच वेळी.

तसंच झालं. बऱ्याच टँकमधले एक्रोपोरा फिके पडायला लागले आणि त्याने खापर आमच्यावर फोडलं : कीड यांच्या फ्रॅगमधून आली. चोराच्या उलट्या बोंबा, पण ऐकणाऱ्यांना त्या गोड लागल्या. देखभालीची मोठी कामं गेली. सांगितलेला माल कोणी न्यायला येईना. दोन टँकचे लाइट विकून महिना काढावा लागला.

त्या दिवसांत टिकल्या त्या आमच्या एक काकू. पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक, आणि वहीवाल्या. कोणता फ्रॅग कोणाकडून आला, कधी, कुठल्या दगडावर लावला, सगळं लिहिलेलं, वर दर आठवड्याला फोटो. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुझा उजवीकडचा आहे, त्याला अजून काही नाही. डावीकडचा बघ.’ डावीकडचा त्या माणसाचा होता. तो काढून पांढऱ्या तसराळ्यात धरला आणि बॅस्टरने जोराचा फवारा मारला. फांदीवर काही दिसत नव्हतं, पाण्यात मात्र पातळ, लांबट, जवळजवळ पारदर्शक अळ्या वळवळायला लागल्या. फांदीवर असताना ती अळी कोरलचाच रंग घेते, म्हणून दिसतात ते फक्त चावे, गोल फिकट डाग. काकूंच्या फोटोंमध्ये ते डाग आधी कुठे आले ते स्पष्ट होतं.

त्याला ते फोटो दाखवले. तो हसला. माफी सोडाच, बोलणंही मागे घेतलं नाही.

मग आम्ही येईल त्याच्यासाठी आमचा टँक उघडा केला. तुम्हीच फांदी निवडा, तुमच्यासमोर तसराळ्यात फवारतो. आले फार थोडे. जे आले ते मात्र टिकले, आणि नंतर त्याचीच गिऱ्हाइकं टँक साफ करून मागायला लागली. ते काम किचकट : फांद्या बुडाच्या वर कापायच्या, बुडं फेकून द्यायची (मदर कॉलनीचं, म्हणजे ज्यातून तुकडे काढतात त्या मूळ कोरलचं, बूड फेकताना लोक रडकुंडीला येतात), नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवायच्या, आठवड्याला डिप, दर वेळी भिंगाखाली. तोवर मुख्य टँकमध्ये एकही एक्रोपोरा नको. खायला काही उरलं नाही की अळी उपाशी मरते. पैसे आम्ही रीतसर घेतले. फुकट का करावं?

तो अजून धंद्यात आहे. चिठ्ठीवर हल्ली ‘क्वारंटाइन केलेलं’ छापतो. किती आठवडे, ते विचारा, आणि प्लग उलटा करून बघा.