चार मासे दारू, एक तोळा शिसं

रविवारी इथे अमेरिकेत सकाळचे आठ वाजले की नाशकात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, झालेले असतात. बाबा तेव्हा चहा घेऊन गॅलरीत बसतात, म्हणून आमचा फोनही तेव्हाच. गेल्या वर्षी एका रविवारी सहज बोलून गेलो, "काल एक पौंड दारू आणली." पलीकडे शांतता. मग आईचा आवाज, "बघा, मी म्हणत होते ना!"

आईची समजूत घालायला दहा मिनिटं लागली. बंदुकीची दारू गं, काळी, खरीखुरी. ते ऐकून तिची काळजी कमी झाली की वाढली, देव जाणे.

मी राहतो पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या बाजूला. अठराव्या शतकात इथल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या आणि इथल्या लोकांच्या अंगातून त्या अजून गेलेल्या नाहीत. नाताळनंतर इथे हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी ठासणीची बंदूक चालते. मी शिकार करत नाही. शेजारचे आजोबा शनिवारी मैदानावर निशाणेबाजीला जातात, त्यांच्या मागे मागे जाऊन मला हे वेड लागलं. आपल्याकडे 'भरमार' हा शब्द गडचिरोलीच्या बातम्यांतच वाचलेला. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची आणि बार काढायचा, एवढीच ती यंत्रणा.

एवढीच म्हणतोय खरा, पण दारू कोणती आणि किती, या दोन प्रश्नांत माझं अख्खं वर्ष गेलं.

इथल्या दुकानात डब्यावर 'एफ' अक्षरं असतात. जितके एफ जास्त, तितका दाणा बारीक. आईला मी रव्याच्या भाषेत सांगितलं. एक एफ म्हणजे लापशीचा जाड रवा, तो मोठ्या नळीच्या मस्केटींना आणि छोट्या तोफांना. दोन एफ म्हणजे उपम्याचा रवा, दाणा साधारण अर्धा ते सव्वा मिलिमीटर, तो .५० कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या, आणि त्यावरच्या रायफलींना. तीन एफ म्हणजे बारीक रवा, पिस्तुलं आणि लहान नळीच्या रायफलींसाठी. चार एफ जवळजवळ पिठाकडे झुकलेला. तो नळीत मुख्य बार म्हणून भरायचाच नाही. चकमकीच्या बंदुकीला बाहेरच्या बाजूला जो छोटा प्याला असतो, त्यात चिमूटभर टाकायचा. यालाच आपल्या जुन्या भाषेत रंजक म्हणत. आजोबांना मी हा शब्द शिकवला. ते आता "रॅन्जॅक" म्हणतात.

दाण्याने एवढा फरक का पडावा? चूल पेटवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओंडका धुमसतो, त्याच्याच ढलप्या काढल्या की भडकतात. काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. वजन तेच ठेवून दाणा बारीक केला की जळायला पृष्ठभाग जास्त मिळतो, जाळ लवकर होतो आणि नळीतला दाब झटकन चढतो. जड गोळी आणि रुंद नळीला सावकाश ढकलणारा जाड दाणा सोसतो, हलक्या गोळीला बारीक. म्हणून दोन एफवरून तीन एफवर जाताना माप दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी करायचं, हा इथला रिवाज.

आता माप. इथे दारू 'ग्रेन'मध्ये मोजतात. सात हजार ग्रेनचा एक पौंड. हे बाबांना सांगितलं आणि त्यांचा चहाच थांबला. बाबांची चाळीस वर्षं सराफ बाजारातल्या एका पेढीवर गेली. "अरे, ग्रेन म्हणजे आपलंच! इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. बारा मासे म्हणजे एक तोळा, मग मासा पंधरा ग्रेनचा, आणि गुंज दोन ग्रेनला जराशी कमी." माझी .४९० इंचांची शिशाची गोळी १७७ ग्रेनची भरते. म्हणजे तीन ग्रेन कमी एक तोळा! एक पौंडाचा डबा म्हणजे एकोणचाळीस तोळ्यांना किंचित कमी. त्या दिवसापासून आमच्या फोनवर सोन्याचा भाव सोडून सगळं तोळ्या-माशांत चालतं.

पण पुढच्याच रविवारी बाबा माझ्यावर नाराज झाले. कारण दारू तोलत नाहीत, मापाने घेतात. पितळेची एक नळकांडी असते, आतला दांडा खालीवर करून आकडा लावायचा आणि काठोकाठ भरायची. "तोलल्याशिवाय? सोनं कधी वाटीने मोजलंस का?" मी सांगितलं, काळ्या दारूत मापाचे ग्रेन आणि तागडीचे ग्रेन जवळपास जुळतात. एखाद-दुसऱ्या ग्रेनने गोळी वाट चुकत नाही. पण पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वजनाला हलकी असते. वाटीभर पोहे आणि वाटीभर साखर तागडीत टाकून बघा, तसं. ती काळ्या दारूच्या वजनाइतकी तोलून घातली तर बार नको तेवढा जड होतो, म्हणून तिथेही मापच. आणि आधुनिक काडतुसांतली बिनधुराची पावडर या नळीत चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते, त्यासोबत हात आणि डोळेही जातात. बाबा म्हणाले, "मग भरताना दर वेळी सारखंच टिचकी मारतोस ना?" नेमकं हेच आजोबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दर वेळी तेवढ्याच टिचक्या, तेवढाच हात.

सुरुवातीला कॅलिबरएवढे ग्रेन घ्यायचे, ही इथली जुनी चाल. माझी .५० ची रायफल चकमकीवर नाही, टोपीवर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी पाडणाऱ्या छोट्या धातूच्या टोपणावर उडणारी, म्हणून ५० ग्रेन दोन एफ. बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, तिच्या आत पाच-पाच ग्रेन वाढवत जायचं. पन्नास यार्डांवर प्रत्येक मापाचे तीन बार. पन्नासला गोळ्या पानभर विखुरल्या. सत्तरला तळहाताएवढ्या जागेत आल्या. मला चेव चढला, नव्वद भरले. खांद्याला सणसणीत धक्का, धूर एवढा की निशाणच दिसेना, आणि गोळ्या पुन्हा पानभर! आजोबा काही न बोलता पुढे गेले आणि गवतातून चिंध्या वेचून आणल्या. सत्तरच्या चिंध्या मळलेल्या पण शाबूत. नव्वदच्या मध्यभागी जळून भोकं पडलेली. चिंधी फाटली की गोळी नळीतले आटे नीट धरत नाही. कागदावरची भोकं सगळेच बघतात, गवतातल्या चिंध्या बघणारा खरा.

माझी फजितीही सांगून टाकतो. एकदा गप्पांच्या नादात दारू न घालताच गोळी ठासली. टोपी उडाली, टक्क, बाकी काही नाही. गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती गोळी ओढून काढताना अर्धं मैदान बघायला जमलं होतं. उलट चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये फट राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर खूण करून ठेवलीय. आणि दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ती कधीच ओतायची नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातातलं शिंग म्हणजे बॉम्ब.

मे महिन्यात डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीकाठी हॅगली म्युझियमला गेलो. ड्यू पाँ घराण्याने १८०२ साली तिथे दारूचे कारखाने सुरू केले. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी जाड दगडी भिंती, नदीकडची बाजू मुद्दाम कच्ची. उडालीच तर नदीकडे उडावी. तिथलाच कामगार मेला की लोक म्हणत, "तो नदीपलीकडे गेला." आणि तिथे दारू बनवायला लागणारा सोरा बराचसा हिंदुस्थानातून यायचा. मला मात्र तिथे उभ्याउभ्या नाशिकजवळचा रामशेज किल्ला आणि त्याला पडलेला मुघलांचा वेढा आठवला. मुघल इतिहासकार खाफीखानाने लिहिलंय, किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती, दारू मात्र होती. मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून, चामड्याने मढवून तोफा केल्या. लाकडाच्या नळीत किती ठासायचं हे ज्याच्या हाताला कळत होतं, त्याच्यापुढे माझं पितळी नळकांडं म्हणजे खेळणं.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने नळी धुवावी लागते, नाहीतर गंज धरलाच. या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून धूर आणि राखच होतो. ती राख ओली झाली की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. बायकोने बंदुकीला मोरीत बंदी केलीय, मी अंगणात बादली घेऊन बसतो.

सत्तर ग्रेन दोन एफने नळीत काजळी फार धरायची, चौथी गोळी ठासताना घाम निघायचा. ऑगस्टमध्ये तीन एफचा डबा आणला आणि माप उतरवत साठवर आलो. काजळी कमी, चिंध्या शाबूत, पाच गोळ्या एका बशीखाली झाकतील अशा. रविवारी बाबांना आकडा सांगितला. क्षणभर गप्प. मग म्हणाले, "साठ भागिले पंधरा. बरोबर चार मासे. आता हात लावू नकोस त्याला." आणि मागे वळून आईला, "ऐकलंस का, चार मासेच घेतो तो, जास्त नाही."