देवगडात राहून संगणकाचे पायाभूत वर्ष : माझा अनुभव

अकरावीला वाणिज्य शाखेत गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेणाऱ्यांपैकी मी एक. बी.कॉम. झाल्यावर देवगडजवळ जामसंड्याला एका करसल्लागारांकडे हिशेबाच्या कामाला लागले आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करता करता एक्सेलमध्ये सूत्रे लिहिण्याची गोडी लागली. त्या गोडीपायीच आयआयटी मद्रासच्या 'डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स' या बी.एस. पदवीसाठी अर्ज केला. या पदवीचा पहिला टप्पा फाउंडेशनचा, म्हणजे पायाभूत वर्षाचा आहे. तो पार करताना काय काय करावे लागले ते येथे सविस्तर लिहीत आहे. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या आणि शहरापासून लांब राहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

आधी पदवीची रचना सांगते, कारण तिच्याविषयी आमच्याकडे गैरसमज फार आहेत. हा अभ्यासक्रम २०२० साली जाहीर झाला. पूर्ण बी.एस.साठी १४२ क्रेडिट मिळवावी लागतात. त्यांपैकी ३२ पायाभूत टप्प्याची असतात, पुढे प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स या दोन पदविका मिळून ५४, आणि उरलेली बी.एस्सी. व बी.एस. या टप्प्यांची. प्रत्येक टप्प्यावर थांबून तेवढ्याचे प्रमाणपत्र घेता येते. प्रवेशासाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असले म्हणजे झाले. जेईई ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरलेल्यांना थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना चार विषयांचे चार आठवड्यांचे धडे देतात, दर आठवड्याला स्वाध्याय असतो, आणि शेवटी त्याच धड्यांवर पात्रता परीक्षा होते. खुल्या गटासाठी प्रत्येक विषयात ४० टक्के आणि एकूण सरासरी ५० टक्के लागते, ओबीसी व ईडब्ल्यूएससाठी ३५ आणि ४५, तर एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी ३० आणि ४०. जागांची संख्या ठरलेली नसल्यामुळे गुणवत्ता यादीचा प्रश्नच येत नाही. जो उत्तीर्ण होतो त्याला प्रवेश मिळतो.

धडे ऑनलाइन असले तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात, ही गोष्ट घरी पटवून देण्यास मला बराच वेळ लागला. आईचा पहिला प्रश्न होता, "कॉलेज नाय, वर्ग नाय, मगे परीक्षा खंय देतलंस?" केंद्र कोल्हापूरला, असे सांगितल्यावर तिचा या पदवीवर थोडा विश्वास बसला.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. मी अर्ज केला तेव्हा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस विद्यार्थ्यांना शुल्कात ५० टक्के सवलत होती. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि ओबीसींना नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घरात असला तरी हा वेगळा काढावा लागतो. तेव्हा अर्ज भरण्याच्या आधीच सेतू केंद्रात जाऊन त्याची चौकशी करावी.

पात्रतेच्या चार आठवड्यांत गणित फारसे अंगावर येत नाही. संच, संबंध आणि फल (फंक्शन), मग सरळ रेषेचे समीकरण, वर्गसमीकरणे आणि बहुपदी असा तो क्रम आहे, आणि यातले बरेचसे महाराष्ट्राच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत होऊन गेलेले असते. मी धाकट्या भावाची बीजगणित आणि भूमितीची पुस्तके मागून घेतली, त्यांतले सरावसंच पुन्हा सोडवले आणि मगच व्याख्याने पाहिली. खरी चढण प्रवेशानंतर लागते. लॉगॅरिदम, घातांकी फल, व्यस्त फल हे सारे विज्ञान शाखेच्या मुलांना ओळखीचे असते. आमच्यासारख्यांना एका आठवड्यात नवी कल्पना समजून घेऊन त्याच आठवड्याच्या अखेरीस तिच्यावरची उदाहरणे सोडवून पाठवायची असतात. प्रत्येक विषयाला आठवड्याला सुमारे दहा तास द्यावेत, असे संस्थाच सांगते. नोकरी करणाऱ्याने हा आकडा गांभीर्याने घ्यावा. एका सत्रात चार विषयांपर्यंत घेता येतात, परंतु मी दोनच घेत गेले आणि त्यामुळे पायाभूत वर्षाला प्रत्यक्षात वर्षापेक्षा जास्त काळ लागला. या टप्प्यासाठी तीन वर्षांपर्यंत मुभा असताना घाई कशासाठी करायची, हे मला अजूनही समजलेले नाही.

विषयांचा परस्परांशी असलेला क्रमही ध्यानात ठेवावा लागतो. गणित-१ झाल्याशिवाय गणित-२ मिळत नाही, सांख्यिकी-२ साठी सांख्यिकी-१ लागते, आणि पायथन ही संगणकाची भाषा घेण्यापूर्वी कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे संगणकाच्या पद्धतीने विचार करण्याचा विषय, व्हावा लागतो. आठही विषय झाल्याशिवाय पदविकेच्या टप्प्यावर जाता येत नाही. इंग्रजीच्या दोन विषयांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते वेळच्या वेळी केले की होतात.

कॉम्प्युटेशनल थिंकिंग हा मात्र या वर्षातला सर्वांत हुशारीने रचलेला विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माधवन मुकुंद आणि जी. वेंकटेश तो शिकवतात, आणि त्यात सुरुवातीला संगणकाची कोणतीही भाषा नसते. एका गठ्ठ्यात कार्डे असतात. एका कार्डावर एका विद्यार्थ्याचे नाव, गाव, जन्मतारीख आणि गुण लिहिलेले असतात. पहिल्या ढिगातले वरचे कार्ड उचलायचे, त्यावरची हवी ती माहिती वाचायची, वहीत मांडलेल्या चलात, म्हणजे बदलत्या आकड्यात, फरक करायचा आणि कार्ड दुसऱ्या ढिगात ठेवायचे. पहिला ढीग संपला की काम संपले. मी ही कार्डे आंब्याच्या पेट्यांवर लावण्याच्या जुन्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर लिहिली आणि ओटीवर बसून ढीग हलवत राहिले. सर्वाधिक गुण कोणाचे, सरासरीपेक्षा वर किती जण, हे प्रश्न एका फेरीत सुटतात किंवा दोन फेऱ्या लागतात, हे हाताने केल्यावर जसे कळते तसे पडद्यावर पाहून कळत नाही.

पुढे प्रश्न येतो तो जोड्यांचा. एकाच दिवशी जन्मलेले दोन विद्यार्थी आहेत का, हे शोधायचे असेल तर प्रत्येक कार्ड दुसऱ्या प्रत्येक कार्डाशी ताडून पाहावे लागते. तीस कार्डांच्या जोड्या होतात ४३५. आधी कार्डांचे गट पाडले आणि तुलना गटापुरतीच केली तर कष्ट झपाट्याने कमी होतात: दहा-दहांचे तीन सारखे गट पडले असे धरल्यास प्रत्येक गटात ४५ जोड्या, म्हणजे सगळ्या मिळून १३५. ज्यांचे जन्ममहिनेच वेगळे आहेत त्यांची जन्मतारीख एक असणे शक्य नाही, म्हणून हे गट महिन्यांवरून पाडता येतात. करसल्लागारांकडे खरेदीची बिले पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवताना मी पुरवठादारांप्रमाणे गट पाडत होते, पण त्यामागे मोजता येण्याजोगे कारण आहे, याची जाणीव या विषयाने दिली. पायथन शिकताना हाच गठ्ठा लिस्ट (यादी) झाला आणि हेच गट डिक्शनरी (नावानुसार माहिती ठेवण्याची मांडणी) झाले, त्यामुळे ती भाषा परकी वाटली नाही.

सांख्यिकीच्या बाबतीत माझ्या घरचा धंदा उपयोगी पडला. आमची हापूसची थोडी कलमे आहेत आणि मार्चपासून घरात आंब्याची प्रतवारी चालते. बाबा फळ हातात घेऊन त्याचे वजन अंदाजाने सांगतात आणि ते सहसा चुकत नाहीत. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप, शिकण्याच्या आठवड्यात मी दोन पेट्यांतल्या फळांची वजने काट्यावर घेऊन वहीत उतरवली. दोन्हींची सरासरी अडीचशे ग्रॅमच्या आसपास आली, पण एका पेटीतली फळे सरासरीच्या जवळ होती आणि दुसरीत लहान-मोठी मिसळलेली होती. गिऱ्हाईक पहिली पेटी पसंत करते आणि दुसरीला नाके मुरडते. सरासरीत न दिसणारा हा फरक प्रमाण विचलनात ठळक दिसतो. नमुन्याचे प्रमाण विचलन काढताना फळांच्या संख्येने न भागता तिच्यातून एक वजा करून का भागायचे, हेही याच वहीवर उमगले. प्रत्येक वजनातून सरासरी वजा केली की येणाऱ्या सगळ्या फरकांची बेरीज शून्य होते, म्हणून शेवटचे एक सोडून बाकीचे फरक कळले की शेवटचा आपोआप ठरतो. स्वतंत्र माहिती एकने कमी असते. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि दुसरी पेटी पुन्हा भरायला घेतली.

आता परीक्षांविषयी. बहुतेक विषयांना दोन क्विझ आणि एक अंतिम परीक्षा असते, आणि त्या बहुधा रविवारी येतात. सत्रे जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. कोकणातल्या माणसाने हे वेळापत्रक स्वतःच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहावे. जानेवारी सत्राची अखेर आंब्याच्या ऐन हंगामात येते, जेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते. मे सत्राच्या क्विझ भर पावसात होतात आणि अंतिम परीक्षा ऑगस्टअखेरीस, म्हणजे काही वर्षी थेट चतुर्थीच्या तोंडावर. मुंबईहून चाकरमानी आलेले, रात्री भजने, आणि आरतीच्या वेळी कोणी "पेपर हा" म्हणून खोलीत बसून राहणे आमच्याकडे अजून तरी मान्य नाही. म्हणून मे सत्रात मी मुद्दाम हलका विषय आणि एक अवघड विषय अशी जोडी घेतली. आमच्यासाठी सर्वांत निवांत सत्र सप्टेंबरचे. गणित-२ मी त्यासाठीच राखून ठेवले.

देवगडहून कोल्हापूरला जाण्याचा नेहमीचा रस्ता नांदगाव, तळेरे, वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावड्याला चढतो. पावसाळ्यात घाटात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि २०२४ साली तर करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंदच होता. तेव्हा भुईबावड्याने किंवा फोंडा घाटातून राधानगरीमार्गे वळसा घालावा लागे. मी आदल्या दिवशीच निघून आतेकडे मुक्काम करत असे. ज्यांचे तेथे कोणी नाही त्यांनी खोलीचा खर्च शुल्कातच धरून ठेवावा. पदवी स्वस्त आहे असे जे म्हटले जाते त्यात हा खर्च कोणी मोजत नाही.

पायथनचे गणित निराळे आहे. दर आठवड्याला प्रोग्राम लिहून पाठवायचे असतात, आणि ते दिसणाऱ्या उदाहरणांवर चालले तरी न दिसणाऱ्या चाचण्यांवर अडू शकतात. रिकामी यादी, एकच शब्द असलेली ओळ, ऋण संख्या अशा कडेच्या शक्यता तपासण्याची सवय तेथेच लागते. शिवाय या विषयात प्रोग्रामिंगची परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर, ठरलेल्या वेळेत द्यावी लागते. ती ऐन वाऱ्यापावसाच्या दिवसांत आली तर काय होईल, या धास्तीने आम्ही इन्व्हर्टरची बॅटरी बदलली आणि दुसऱ्या कंपनीचे सिम आणून ठेवले. परीक्षेच्या संध्याकाळी वीज गेलीच. लॅपटॉप चालू राहिला, राऊटर क्षणभर बंद होऊन पुन्हा लागला, आणि तेवढ्यात मी मोबाईलच्या नेटवर आले होते. अशा परीक्षेआधी मुख्य जोडणी मुद्दाम तोडून दुसरी किती वेळात लागते ते एकदा पाहून ठेवावे.

गणित-२ मध्ये सदिश, मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) आणि त्यांवरची समीकरणे येतात. गॉसच्या पद्धतीने ओळींमागून ओळी वजा करत मॅट्रिक्स पायऱ्यांच्या रूपात आणायचे, हे हाताने करताना एक चिन्ह चुकले तरी पान वाया जाते. पण रँक (पायऱ्यांच्या रूपात उरणाऱ्या शून्येतर ओळींची संख्या) आणि नलिटी (मोकळ्या राहणाऱ्या चलांची संख्या) यांची बेरीज स्तंभांच्या संख्येइतकी का असते, हे पाच-सहा मॅट्रिक्स सोडवून पाहिल्यावरच मनात ठसते. उत्तीर्ण होण्यापुरते ४० गुण मिळवून पुढे जाण्याचा मोह या विषयात फार होतो. पदविकेतला मशीन लर्निंग फाउंडेशन्स हा विषय याच मॅट्रिक्सवर आणि सांख्यिकी-२ मधल्या संभाव्यतेवर उभा आहे. माझ्याबरोबर परीक्षा देणाऱ्या कोल्हापूरच्या एका मुलीने गणित-२ जेमतेम सोडवले होते आणि पदविकेत गेल्यावर तीच व्याख्याने ती पुन्हा पाहत होती.

पायाभूत टप्प्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर मी प्रोग्रामिंगची पदविका आधी घेतली आणि पहिल्या सत्रासाठी डेटाबेसचा विषय निवडला. करसल्लागारांकडची बिले हा माझा हाताशी असलेला साठा आहे, आणि त्यातले पुरवठादार, बिले व वस्तू असे तीन तक्ते वेगळे कसे मांडायचे यावर सध्या काम चालू आहे.