तुम्ही विचारलंत म्हणून: एकात्मतेची कविता लिहायची कशी?

सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातले शिक्षक आणि विद्यार्थी हमखास विचारतात, मुक्तिसंग्राम दिनाला (१७ सप्टेंबर) म्हणायला देशाच्या एकतेवर कविता हवी आहे, ती लिहायची कशी? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक पथ्य. 'धर्म अनेक, भाषा अनेक, तरी आपण एक' अशी ओळ लिहूच नका. राज्यांची यादीही नको. 'जन गण मन'मधली प्रांतांची नावं चालीवर बसलेली आहेत. आपल्या कवितेत ती हजेरीपटासारखी ऐकू येतात. एकता नुसती सांगून पटत नाही. काहीतरी इकडून तिकडे गेलेलं आणि तिथे रुजलेलं दाखवावं लागतं.

आणि दाखवायला आपल्याकडे केवढं आहे! नामदेवच घ्या, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात, म्हणजे गुरबाणीत आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथालाच गुरुपद दिलं, तेही नांदेडला, गोदाकाठी. नरसीचा शब्द पंजाब फिरून शेजारच्या नांदेडात परत आला. एवढ्यावर अख्खी कविता उभी राहते.

साचा अभंगाचा घ्या, कारण ती चाल पोरांच्या कानात आधीच असते. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला:

नरसीचा शिंपी । पंजाबात गेला ।
शब्द त्याचा झाला । गुरबाणी ॥

जोडाक्षर एकच मोजायचं, अनुस्वार वेगळा धरायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. चूक होते ती बोलण्यासारखं मोजल्याने. 'पंजाबात' आपण तीन ठोक्यांत म्हणतो, पण चालीत शेवटचा 'त' पूर्ण वाजतो, म्हणून चार. दुसरी चूक शेवटच्या चरणात. तिथे चाराची सहा अक्षरं झाली की टाळ थांबतो आणि शब्द उरतात. अशी पाच कडवी म्हणजे ११० अक्षरं. सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होतात, शाळेच्या कार्यक्रमाला पुरे.

दोन मुलांनी मिळून म्हणायचं असेल तर पैठणच्या एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' जरूर वाचा. त्यात तुर्क दखनी, म्हणजे दख्खनमधल्या हिंदी-उर्दूच्या वळणाने बोलतो, हिंदू मराठीत. दोघं खरोखर भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, आणि मग गळाभेट होते. आपण भांडण गाळून थेट गळाभेटीवर येतो, म्हणून ती खोटी वाटते. दोघांना आपापल्या भाषेत बोलू द्या. सगळ्यांच्या तोंडी एकच जड, संस्कृतप्रचुर मराठी घातली की विविधता तिथेच संपते.

१७ सप्टेंबर १९४८ वर, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या दिवसावर लिहिताना एक गल्लत फार होते, निजामाची राजवट आणि उर्दू भाषा एकच धरली जाते. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा बोलणारी माणसं होती. वली आणि सिराज हे दखनी-उर्दूचे मोठे कवी तर तेव्हाच्या औरंगाबादचे. तेव्हा राग राजवटीवर आणि तिच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांवर जरूर येऊ द्या, त्यासाठी गावांची नावं घ्या, नेमकं काय घडलं ते लिहा. भाषेवर मात्र येऊ देऊ नका. आणि कविता पक्की करण्याआधी घरी दखनी बोलणाऱ्या एखाद्या मुलाला ती मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल किंवा गप्प होईल, ते कडवं पुन्हा लिहायला घ्या.