४० फूट १० इंच

पावसाळ्यात कोल्हापुरात दोनच प्रश्न चालतात. 'बंधाऱ्यावर किती?' आणि 'राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले?' जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि ती धोक्याच्या ४३ फुटांकडं निघाली, तेव्हा आमच्या साहेबांनी ठरवलं, चौकातल्या मोठ्या एलईडी स्क्रीनवर जाहिरातींच्या मधे पाणीपातळी दाखवायची. त्या स्क्रीनवर काय चालवायचं ते मी बघते. एरवी साड्या, दागिने, क्लासेस आणि नेत्यांचे वाढदिवस.

आधी काढाकाढी. लूपमध्ये, म्हणजे जाहिरातींच्या फिरत्या रांगेत, एका रिसॉर्टची जाहिरात होती, 'या, चिंब व्हा!' तिच्यामागोमाग पुराचा आकडा येणार. मालकांना फोन लावला, तर म्हणाले, "पैसे भरलेत की ओ मॅडम." पाणी उतरल्यावर तेवढे दिवस वाढवून देते म्हटलं, तेव्हा कुठं ऐकलं.

मग अक्षरं. आमची स्क्रीन पी-टेन, म्हणजे दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर. आडवे ६४० ठिपके, उभे ३२०, संपलं. लॅपटॉपवर देखणं दिसणारं डिझाइन तिथं चढवलं की अनुस्वार आणि रफार गायब. शिवाय स्क्रीन चालवणाऱ्या आमच्या प्लेअरमध्ये मराठी थेट टाइप केलं तर पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढं पळते. त्यामुळं शब्दांचं चित्र करून टाकलं आणि फक्त आकडा एक्सेलसारख्या शीटमधून येईल असं ठेवलं.

खरी गंमत इथंच झाली. गंमत कसली म्हणा.

आकडा दाखवायचा साचा बाहेरच्या एका कंपनीचा होता. नवा आकडा मागच्याशी ताडून तो आपोआप बाण दाखवायचा. पाणी चढलं तर लाल, वर. उतरलं तर हिरवा, खाली. स्क्रीनवर सोडण्याआधी आम्ही प्रिव्ह्यू बघत बसलो होतो. आधीचा आकडा ४०.९ होता. टेक्निशियननं नवा टाकला, ४०.१०. बाण हिरवा झाला.

"उतराय लागलं की!" तो खुर्चीतून उठलाच. त्याची मावशी सुतारवाड्यातली, तिचं बिऱ्हाड आदल्या दिवशीच हलवलेलं. "मावशीला सांगतो, चला घराकडं." फोन कानाला लावलासुद्धा.

"थांब जरा," मी म्हटलं. खिडकीबाहेर पाऊस तसाच कोसळत होता, आणि इथं पाणी उतरतंय?

बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचात मोजतात. आपण ४०.१० लिहितो ते ४० फूट १० इंच. शीटला इंच कुठले ठाऊक? तिनं शेवटचं शून्य उडवून ४०.१ वाचलं, आणि ४०.१ हे ४०.९ पेक्षा कमीच. पाणी एका इंचानं चढलं होतं आणि आमची स्क्रीन भर चौकात ते उतरलं म्हणून सांगायला निघाली होती.

फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घेतले, तुलना एकूण इंचांवर लावली. ४८९ वरून ४९०. बाण लाल. त्यानं मावशीला तोवर नुसतंच "जेवलीस का?" विचारून फोन ठेवला होता.

पुढची काळजी नेटची. नेट गेलं तरी प्लेअर आधी उतरवून ठेवलेलं दाखवत राहतो. जाहिरातींना ते सोयीचं, पण पुराच्या दिवसांत शिळा आकडा म्हणजे घात. म्हणून प्रत्येक आकड्याला दोन तासांची मुदत घातली. नवा आला नाही तर ती फ्रेम आपोआप बाद. साहेबांना पटेना. "आणि मग लोकांना काय दिसणार?"

"साड्या," मी म्हटलं.

संध्याकाळी चौकातल्या ट्रॅफिक हवालदारांचा फोन. "मॅडम, तुमचं ते पाण्याचं आलं की सगळी गाडी थांबवून फोटो काढायलेत. मागं रांग लागलीया." ती फ्रेम १० सेकंदांची होती, सहावर आणली. पण फोटो म्हटल्यावर दुसरंच डोक्यात आलं. स्क्रीनवरची मुदत स्क्रीनपुरती. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो दुसऱ्या दिवशीही फिरणार. तारीख आणि वेळ आम्ही तळाशी बारीक अक्षरात ठेवली होती, कुणीही सहज कापून टाकावी अशी. ती उचलून आकड्याच्याच चौकटीत, त्याच्याइतक्याच जाड अक्षरात बसवली. त्यासाठी आमच्या कंपनीचा लोगो काढावा लागला, आणि तो काढताना मी साहेबांना विचारलं नाही.