तालीचं टिकं कुठे आहे? साताऱ्यातला एक रविवार, आणि औंध

साताऱ्याला येणारे बहुतेक लोक कासला किंवा ठोसेघरला निघालेले असतात. मी या वेळी शहरातच थांबायचं ठरवून आलो होतो. राजवाड्याच्या आसपासच्या एका जुन्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी लोक घरातले जुने कागद, फोटो, वह्या घेऊन येतात आणि जाणकार मंडळी ते वाचून देतात, एवढंच कळलं होतं. माझ्यासारख्या, दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या पत्रांतही रमणाऱ्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

कार्यक्रम दुपारचा होता, त्यामुळे सकाळ मोकळी होती. स्टँडवरून राजवाड्याशी आलो, गोल बागेत जरा टेकलो आणि समोर जुन्या राजवाड्याकडे पाहत राहिलो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरमधला क्रमांक 1914. शाळेचं आजचं नाव प्रतापसिंह हायस्कूल. ती नोंद शाळेनं जपली, म्हणून 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या हजारो नोंदींमधली ही एक ओळ. रजिस्टर रद्दीत गेलं असतं तर तारीखही गेली असती.

साताऱ्यात असा विचार सहज मनात येतो, कारण या शहराचे कागद फार फिरले आहेत. 1818 साली पेशवाई संपली, इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि रेसिडेंट म्हणून, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून, कॅप्टन जेम्स ग्रँट डफ इथे आला. त्याला दप्तरं पाहायला मिळाली, नकला मिळाल्या, आणि 1826 साली त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये छापून निघाला. पुढे 1839 मध्ये त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे अर्ज-विनंत्या करत राहिले. तोवर महाराज काशीतच वारले होते आणि 1848 साली राज्यही खालसा झालं होतं. पुढच्या काळात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात राहून आयुष्यभर ऐतिहासिक कागद आणि चित्रं जमवली. 1926 साली ते गेले, आणि 1939 मध्ये त्यांचा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे तो नीट राहिला, अभ्यासकांना उपयोगी पडला, याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण ज्या गावात तो जमला त्या गावच्या शाळकरी पोराला तो बघायचा तर पुण्याची एसटी धरावी लागते, हेही खरं.

दुपारी वाचनालयात पोचलो तेव्हा सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. वाचनालय आपल्या ओळखीचंच: वर्तमानपत्रांची उतरती टेबलं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, लोखंडी कपाटं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या अशा वाचनालयांना अ, ब, क, ड दर्जा आणि त्यानुसार अनुदान मिळतं. त्या अनुदानात आणि वर्गणीत पुस्तकं, वर्तमानपत्रं, पगार असं सगळं भागवायचं असतं. ग्रंथपालबाई स्वतःच खुर्च्या लावत होत्या.

व्यवस्था साधी होती, पण विचार करून केलेली. दाराशी कॉलेजातली दोन मुलं वही घेऊन बसलेली. कागद कुणाचा, कुठल्या गावचा, किती पानं, ते लिहून घ्यायचं, फोटो काढायचा आणि मूळ कागद मालकाच्या हातात परत द्यायचा. वाचनालय स्वतःकडे काहीही ठेवून घेत नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडे घरातला कागद ‘बघून देतो’ म्हणून नेलेला परत आला नाही, असे अनुभव इतके आहेत की लोक ट्रंक उघडायलाच कचरतात. परत मिळतो म्हटल्यावर ट्रंका उघडतात.

तासाभरात बरंच काही पुढ्यात आलं. जुन्या लग्नपत्रिका, लष्करातल्या पेन्शनची पुस्तकं, एका घरातली पाच पिढ्यांची वंशावळ. पण मी ज्याच्यासाठी हे लिहितो आहे तो कागद एक शेतकरी आजोबा घेऊन आले होते. उपरण्यात गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला, मोडी या जुन्या लिपीत लिहिलेला एकच कागद.

“आमच्या पणज्याचा कागूद हाय. सनद हाय म्हंत्यात. तेवढं वाचून सांगा की.”

मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी भिंग काढलं आणि आधी तारीख धरली: ‘सुरू सन इसन्ने अशरीन मयातैन व अलफ’. आम्हा भोवतीच्यांना त्यांनी ती उलगडून सांगितली. इसन्ने म्हणजे दोन, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. आकडे एककापासून वर चढत जातात, म्हणजे 1222. हा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. सूर्य मृगात शिरला की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1821, आणि मृगाच्या आधीचे महिने असतील तर 1822. म्हणजे गादीवर प्रतापसिंह महाराज, रेसिडेन्सीत ग्रँट डफ, आणि तेव्हाच या आजोबांच्या गावात कुणीतरी बोरूनं हे लिहीत होतं.

सर पुढे वाचू लागले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत शब्द कुठे संपला ते ठरवावं लागतं. हळूहळू कळलं की ही सनद नाही. एका विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या होत्या. कुणाची मोट कोणत्या वारी चालेल, कुणाचा वाटा किती, आणि पाणी कुठल्या रानाला जाईल.

आजोबांचा चेहरा क्षणभर उतरला. सनद, म्हणजे सरकारनं दिलेला हक्काचा कागद, असती तर घराण्याला मान होता. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण काही न बोलता वाचत राहिले, आणि तेच बरं केलं.

एका जागी ते अडले. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा अक्षरं सुटी करून वाचली. ‘तालीचेटीकेयास’. माणसाचं नाव म्हणावं तर जमेना, देवाचं म्हणावं तरी जमेना.

आजोबा ताठ बसले. “तालीचं टिकं! वड्याच्या अंगाला, दगडाची ताल हाय बघा तिथं, तिच्या खालचं टिकं. आजबी तसंच म्हंत्यात. माझ्या चुलत भावाच्या वाटणीला गेलंय.”

ताल म्हणजे बांध, टिकं म्हणजे रानाचा लहान तुकडा. मग चित्रच पालटलं. सर अक्षरं लावत गेले आणि आजोबा जागा सांगत गेले. कुठली विहीर, कुठली पाणंद, कागदातल्या कुठल्या माणसाचं घराणं अजून नांदतं आहे, कुठलं नाव गावात उरलं नाही. एका नावावर आजोबा म्हणाले, ह्यांची वस्ती पलीकडच्या गावात गेली, कशानं ते ठाऊक न्हाय. दाराशी बसलेली कॉलेजची मुलगी भराभर लिहून घेत होती. मधेच तिनं विचारलं, “आजोबा, विहीर अजून आहे?” आहे, म्हणाले. मोट गेली, इंजिन आलं, आता विजेची मोटर आहे. आणि पाळ्या? “पाळ्या हायती की. भांडनं बी हायती.”

मला त्या बैठकीत जे दिसलं ते असं. हा कागद पुण्यामुंबईच्या दप्तरखान्यात असता तर निष्णात मोडी वाचकानं त्याचं लिप्यंतर केलं असतं, आणि तालीच्या टिक्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून तो पुढे गेला असता. आजोबांच्या घरीच राहिला असता तर तो न वाचलेली सनद म्हणून देव्हाऱ्यात राहिला असता. अक्षर ओळखणारा आणि रान ओळखणारा एका सतरंजीवर बसले, तेव्हा कुठे तो पुरता वाचून झाला. ही सतरंजी वाचनालयच अंथरू शकतं. तिथे कुणी कुणाकडे पाहुणा नसतो, कुणाला परवानगीचा अर्ज करावा लागत नाही.

नंतर एका आजींचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. विषय पत्री सरकारचा. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं या भागात स्वतःचा न्यायनिवाडा चालवला, गुंडांना आणि सावकारांना धाक बसवला, कमी खर्चात लग्नं लावली. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीपर्यंत पसरलेला होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आजी तेव्हा लहान पोर होत्या. ज्वारीच्या रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायचं काम त्यांच्याकडे. मुद्रण करणाऱ्या कॉलेजच्या मुलानं विचारलं, कोण होते ते? आजी म्हणाल्या, “नाव काढायचं न्हाय असं आईनं बजावलंय.” आणि नाहीच काढलं. त्या मुलानंही पुन्हा विचारलं नाही. त्या मुद्रणात ही शांतता तशीच ठेवली आहे, असं ग्रंथपालबाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरवरून औंधला गेलो. आदल्या दिवशीच्या बैठकीनंतर औंध पाहण्याची ओढ वेगळीच होती. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारलं, सोबत ग्रंथालयही. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एका लहानशा संस्थानी गावात, देवीच्या वाटेवर! यमाईचं दर्शन घेऊन उतरणारी माणसं नारळ-हळदकुंकवाच्या पिशव्या घेऊन सरळ आत येतात. एक बाई आपल्या सुनेला रविवर्म्याच्या चित्रातली साडी दाखवत होत्या. याच राजानं 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना आणली. सत्ता गावाकडे सोपवणाऱ्या माणसानं चित्रंही गावातच ठेवली, यात मला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

कुणाच्या घरी असे कागद असतील तर त्या बैठकीत ग्रंथपालबाईंनी सांगितलेल्या गोष्टी इथे लिहून ठेवतो. लॅमिनेशन करू नका, त्यानं कागद कायमचा अडकतो. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. जुन्या घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. धुतलेल्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. फोटोतल्या माणसांची नावं आजच विचारून घ्या आणि मागे पेननं नव्हे, मऊ पेन्सिलीनं लिहा.

आणि एक मागणी, मनापासून. पारसनिसांच्या संग्रहातल्या साताऱ्याशी संबंधित कागदांच्या प्रती साताऱ्याच्या वाचनालयांत याव्यात. मूळ कागद पुण्यात सुखरूप राहू देत. प्रती इथे आल्या तर त्यातली टिकी, पाणंदी, ओढे ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांतली बरीच सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत, म्हणून हे लवकर व्हायला हवं.