न उडणारा फ्यूज

आमच्या घरातला फ्यूज कधी उडायचा नाही, याचं मला कौतुकच होतं. लाकडी बोर्डावर चिनी मातीचे चार किटकॅट (फ्यूजची तार बसवायचे ठोकळे), वर लोखंडी मेन स्विच. वर्षानुवर्षं तक्रार नाही.

शंका आली ती वासाने. गीझर लावला की दहा-पंधरा मिनिटांत बोर्डाकडून करपलेल्या बॅकेलाइटचा वास यायचा आणि पॅसेजमधला दिवा मंद व्हायचा. स्विचच्या प्लेटवर तपकिरी डाग पडला होता. तो मी महिनोन्‌महिने मळ समजून पुसत होतो.

शेवटी वायरमन आला. मेन बंद करून त्याने गीझरचा किटकॅट ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला. आत फ्यूज वायरऐवजी पीळ घातलेली तांब्याची जाड तार. "काका, ही उडणार कशी? आधी भिंतीतली वायर पेटेल." तार कोणी घातली, असं त्याने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात फ्यूज सारखा जायचा, तेव्हा वैतागून मीच घातली होती.

मला फक्त बोर्ड बदलायचा होता. किटकॅट काढा, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावा, झालं. त्याने एक स्विच खोलून आतली वायर वाकवून दाखवली, तर वरचं रबर बिस्किटासारखं गळून पडलं. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला; आकडा एक मेगोहमच्या खाली, म्हणजे फारच कमी. थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नव्हती. मग त्याने जे समजावलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं: एमसीबी सांभाळतो तो वायरला, आणि त्याचा अँपिअरचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेतो, आमचा तर दिव्याच्या बारीक वायरवर चालला होता. आणि स्क्रू ढिला असेल तर जोड तापत राहतो, पण करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताही लागत नाही. आमच्या डागाचं मूळ तेच निघालं.

मग जवळपास सगळंच काढलं. गीझर, स्वयंपाकघर आणि एसीला स्वतंत्र जाड वायर, दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम जाडीची, नवी अर्थिंग, आणि करंट कुठे गळाला की आपोआप पडून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. भिंती फोडण्याच्या धुळीबद्दल न बोललेलं बरं.

सगळं जोडल्यावर हॉलचा पंखा लावला की आरसीसीबी पडायचा. यात अर्धा दिवस गेला. जुन्या कामात कोणीतरी पंख्याचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, दुसऱ्याच लाइनमधून उचलला होता, आणि ती लाइन आरसीसीबीमधून जात नव्हती. गेलेला करंट परत येताना कमी भरला की आरसीसीबी पडणारच.

पुढच्याच आठवड्यात इस्त्री लावली आणि पुन्हा अंधार. "नवा बोर्ड बसवला आणि लाइट जायला लागली," बायको म्हणाली. मी वायरमनवर चिडायच्या बेतात होतो. त्याने इस्त्री उघडली. आत वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं आणि ते बॉडीला टेकत होतं. ती इस्त्री आम्ही रोज वापरत होतो.