लाल चट्टा

जून २०१६ मधली गोष्ट. टेक्सासमधल्या आमच्या केंद्रात मी लसीच्या चाचणीवर नर्स होते. साडेदहाला साताऱ्याकडच्या एक काकू बूस्टरसाठी येणार होत्या. आठ वाजता निरोप आला : यापुढे एकही डोस द्यायचा नाही.

लसीचं नाव नेलिपेपिमट-एस. कर्करोगाच्या पेशींवर आढळणाऱ्या हर-२ प्रथिनाचा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा, सोबत प्रतिकारशक्तीला चाळवणारं जीएम-सीएसएफ. चाचणीत ७५८ जणी होत्या. स्तनाचा कर्करोग काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला, उपचार संपलेले, पण हर-२ कमी असल्यामुळे त्यावर नेम धरणाऱ्या हर्सेप्टिन या औषधाचा आधार नाही. आजार उलटू नये म्हणून दरमहा एक अशी सहा इंजेक्शनं, मग सहा-सहा महिन्यांनी बूस्टर. काहींना लस, काहींना नुसतं जीएम-सीएसएफ. कुणाला काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

काकू दर वेळी मोबाइलवर फोटो दाखवायच्या, टोचलं तिथे उठलेल्या लाल चट्ट्याचा. "बघ गं, केवढा आलाय! म्हणजे मला खरी लसच मिळतेय ना?" मी सांगायचे, काकू, चट्टा नुसत्या जीएम-सीएसएफनेही येतो. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या खेपेला नवा फोटो आणायच्या.

फोनवर सांगून त्यांना परत पाठवणं मला पटेना. त्या आल्या, मी दार लावून घेतलं. सांगितलं की आजार उलटल्याच्या आणि तत्सम सत्तरेक घटना झाल्यावर स्वतंत्र समितीने आकडे पाहिले. लसीचा फायदा दिसत नाही, पुढेही दिसेल असं वाटत नाही, म्हणून चाचणी थांबली. लसीने अपाय झाला म्हणून नव्हे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा बोलले.

काकू बराच वेळ गप्प होत्या. रडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मग आता मला कोण बघणार?"

माझी तयारी सगळी लसीबद्दलची होती. या बाईला दोन वर्षं कुणीतरी ठरल्या तारखेला बोलावत होतं, हात लावून तपासत होतं, नावाने हाक मारत होतं, ते मी धरलंच नव्हतं. मी तिथेच त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडे फोन लावला, भेटीची वेळ घेतली, पुढच्या मॅमोग्रामची तारीख कागदावर मराठीत लिहून दिली.

निघताना त्यांनी मोबाइल उघडला. "हे फोटो राहू देत?"

"राहू देत, काकू," मी म्हटलं.